सरपटणाऱ्या प्राण्यांचा शैक्षणिक कार्यक्रम सुरू करताय? प्राण्यांच्या निवडीपासून दायित्व विम्यापर्यंत, क्रमाने

साप, सरडे, कासवं घेऊन शाळेत, वाचनालयात, शिबिरात जायचं आणि मुलांची भीती घालवायची, ही इच्छा बऱ्याच प्राणीपाळकांच्या मनात असते. माहिती असते, हौस असते, घरात प्राणीही असतात. अडतं ते पुढे. कुणी सांगतं आधी परवाना काढा, कुणी सांगतं आधी दायित्व विमा, म्हणजे तुमच्या कार्यक्रमामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा. विमा कंपनी विचारते प्राणी कोणते, आणि शाळा विचारते विम्याचं प्रमाणपत्र कुठाय. या सगळ्या चकरा मी मारल्या आहेत, म्हणून क्रम लावून देतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्राणी कोणते निवडायचे आणि विमा कुठला घ्यायचा हे एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत. तुमच्या यादीत कुठले प्राणी आहेत, यावरच विमा मिळतो की नाही, कायदा आडवा येतो की नाही आणि वर्गात शांतता राहते की नाही हे ठरतं. म्हणून आधी प्राणी घेऊन मग विम्याकडे वळू नका. प्राण्यांची यादी कागदावर करा, ती घेऊन विमा एजंटशी बोला आणि मगच प्राणी घरी आणा.

१. कुणासाठी आणि काय सांगायचंय ते ठरवा

वयोगट ठरला की निम्मे प्रश्न सुटतात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी कार्यक्रम करायचा असेल तर तो फक्त बघायचा ठेवा, हात लावायचा नाही. कारण साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू, त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. प्राथमिक शाळेतल्या मुलांना स्पर्श हवा असतो, मोठ्या मुलांना प्रश्न विचारायचे असतात, आणि प्रौढांच्या गटात एक-दोघं तरी अशी असतात जी भीतीमुळे दाराजवळच उभी राहतात.

काय सांगायचं हे तीन-चार मुद्द्यांत बसवा. साप डोळे मिटू शकत नाहीत, कारण त्यांना पापण्याच नसतात. जीभ बाहेर काढून तो वास गोळा करतो आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतो. त्याच्या खालच्या जबड्याची दोन टोकं हाडाने जोडलेली नसतात, म्हणून डोक्याहून मोठं भक्ष्य गिळता येतं. मुलं हे वर्षानुवर्षं विसरत नाहीत. त्याच्या जोडीला सर्पदंशाबद्दल बोलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसं सर्पदंशाने दगावतात, आणि २०१७ मध्ये संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही, अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठायचं, एवढं जरी एका वर्गाच्या डोक्यात पक्कं बसलं तरी तुमचा कार्यक्रम सार्थकी लागला.

भीतीबद्दल एक अभ्यास लक्षात ठेवा. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांना सापाला घाबरणारी दुसरी माकडं दाखवली. ते बघून ही माकडंही घाबरायला शिकली. वर्गातही तेच होतं. शिक्षिकाच किंचाळून मागे सरकल्या, तर पुढच्या मिनिटात अर्धा वर्ग मागे सरकलेला असतो. म्हणून कार्यक्रमाआधी शिक्षकांशी दहा मिनिटं बोलून घ्या. ज्यांना भीती वाटते त्यांनी मागे बसावं, त्यात कमीपणा काही नाही.

२. कायदा आधी, हौस नंतर

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते ती एकाच मुद्द्यावर. प्राणी पाळायची परवानगी आणि तो लोकांना दाखवायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार व्यवसाय म्हणून प्राण्यांचं प्रदर्शन करायला वेगळा परवाना लागतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण असलेले साप, घोरपडी, कासवं अशा कार्यक्रमासाठी घरी ठेवताच येत नाहीत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०२१ पासून तेगू आणि ग्रीन इग्वाना हे मोठे सरडे निषिद्ध यादीत आहेत. म्हणजे एका ठिकाणी दुकानात मिळणारा प्राणी दुसऱ्या ठिकाणी गुन्ह्याचं कारण ठरतो.

साइटिस हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार, १९७३ चा, लागू १९७५ पासून. त्याच्या परिशिष्ट एकमधल्या प्रजातींचा व्यापार जवळजवळ बंद, दोनमधल्यांचा नियंत्रित. बॉल पायथन दुसऱ्या परिशिष्टात येतो. स्टार कासव २०१९ मध्ये पहिल्या परिशिष्टात गेलं, त्यामुळे कुणी स्वस्तात देतोय म्हणून ते घ्यायच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या भागात चार ठिकाणी विचारा: वन किंवा वन्यजीव खातं, पशुकल्याण विभाग, नगरपालिका आणि घर भाड्याचं असेल तर घरमालक. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "चालतंय हो" पुढे कामाला येत नाही. आणि ज्या गावात कार्यक्रम करणार त्या गावाचा नियम वेगळा असू शकतो, हे दर वेळी तपासा.

३. प्राणी निवडणं

या टप्प्यावर घाई करू नका. कार्यक्रमाचा प्राणी म्हणजे नुसता पाळायला सोपा प्राणी नव्हे. त्याला प्रवास झेपला पाहिजे, अनोळखी आवाज झेपले पाहिजेत आणि दहा-बारा अनोळखी हात झेपले पाहिजेत. मी निवडताना पुढच्या गोष्टी बघतो.

- पूर्ण वाढीनंतर एका माणसाच्या दोन हातांत सुरक्षित मावतो का
- पिंजऱ्यात जन्मलेला आहे का आणि त्याचा कागद आहे का
- घाबरल्यावर काय करतो: चावतो, पळतो, शेपटी टाकतो की नुसता आकसून बसतो
- किती वर्षं जगतो आणि तेवढी वर्षं तुम्ही सांभाळणार आहात का

कॉर्न स्नेक. माझी पहिली शिफारस. साधारण दीड मीटरपर्यंत, शांत, रंग देखणे, आणि एका हातातून दुसऱ्या हातात संथपणे सरकत राहतो, त्यामुळे सापाची चाल मुलांना नीट दिसते. वीस वर्षं सहज जगू शकतो.

बॉल पायथन. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणूनच हे नाव. हल्ला करण्यापेक्षा लपणं त्याला पसंत. पण हाच त्याचा सापळाही आहे: गोळा होऊन बसलेला पायथन "शांत" वाटतो, प्रत्यक्षात तो घाबरलेला असतो. तणावात तो आठवडेच्या आठवडे खाणं सोडतो. आयुष्यही फार मोठं. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या किमान ६२ वर्षांच्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तीही पंधराहून अधिक वर्षं नराच्या संपर्कात न येता. असा प्राणी घेताना पुढचा सांभाळ कोण करणार हे घरच्यांशी बोलून घ्या.

बिअर्डेड ड्रॅगन. हा सरडा दिवसा जागा असतो, माणसांकडे बघतो, हातावर निवांत बसतो. त्यामुळे साप बघून दचकलेल्या मुलांना सुरुवात इथून करून देता येते. त्याला घरी अतिनील किरणांचा (यूव्हीबी) दिवा आणि साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊन खायची जागा लागतेच. गळ्याखालची दाढी काळी पडली की समजा, आजचं काम संपलं.

ब्लू-टंग्ड स्किंक. जाडजूड, लहान पायांचा सरडा, आणि निळी जीभ दाखवली की अख्खा वर्ग पुढे सरकतो. अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो, हे सांगितलं की प्रश्नांची झड लागते.

लेपर्ड गेको. पालीच्या जातीचा, गोंडस आणि सौम्य, पण शेपटी टाकतो. म्हणून मुलांच्या हातात देऊ नका. पारदर्शक डब्यातून दाखवा. पापण्या हलवणारा गेको म्हणून तो सापाशी तुलना करायला छान.

हर्मन किंवा रशियन टॉर्टॉइज. जमिनीवरची लहान कासवं. कवचात नसा असतात, स्पर्श त्यांना कळतो, हे मुलांना सांगा. उचलून हवेत धरलं की ती बेचैन होतात, त्यामुळे जमिनीवर चालू द्या आणि मुलांना भोवती बसवा.

आता काय घेऊ नये. विषारी साप कुठल्याही कारणाने नको, आणि विषग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेला साप तर मुळीच नको. ती क्रूरता आहे, आणि सुरक्षिततेची खात्रीही देत नाही. बर्मीज पायथन, रेटिक्युलेटेड पायथन, अॅनाकोंडा हे बघायला भव्य, पण त्यांना सांभाळायला एकापेक्षा जास्त माणसं लागतात आणि बहुतेक विमा कंपन्या त्यांचं नाव ऐकूनच मागे हटतात. ग्रीन इग्वाना पिल्लू असताना मोहक दिसतो. मोठा झाला की दीड मीटरचा होतो, शेपटीचा फटका मारतो आणि विणीच्या काळात नर धोकादायक चावतात. मगरीची पिल्लं जबड्याला पट्टी बांधून दाखवणारे लोक आहेत. तुम्ही ते करू नका. रेड-इअर्ड स्लायडर ही पाणकासवं जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत, शिवाय साल्मोनेलासाठी कुप्रसिद्ध. चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री अमेरिकेने १९७५ मध्ये बंद केली ती याच आजारामुळे.

सुरुवात चार ते सहा प्राण्यांनी करा. साप दोन, सरडे दोन, कासव एक, एवढ्यात एक तास भरून उरतो. एकाच प्रजातीचे दोन प्राणी असले तर आणखी चांगलं, कारण एक कात टाकत असेल तर दुसरा कामाला येतो.

४. घर, विलगीकरण, पशुवैद्य

नवा प्राणी आला की किमान ३० दिवस, शक्य असेल तर ९० दिवस, वेगळ्या खोलीत. वेगळी भांडी, वेगळा चिमटा, हात धुऊनच दुसऱ्या खोलीत. सापांच्या अंगावरच्या गोचिडीसारख्या बारीक किडी आणि पायथनमधला निडोव्हायरस एका प्राण्यातून सगळ्या संग्रहात पसरतो, आणि मग वर्षभराचे कार्यक्रम रद्द करावे लागतात.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधी शोधा, प्राणी नंतर. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी इथे पुरत नाही. वर्षातून एकदा प्रत्येकाची तपासणी आणि विष्ठेची चाचणी करून लेखी अहवाल घ्या. हा अहवाल प्राण्यासाठी तर आहेच, विमा कंपनीलाही तो हवा असतो. प्रत्येक टाकीत गरम आणि थंड अशा दोन बाजू, लपायची जागा, थर्मोस्टॅटला जोडलेला हीटर आणि दोन थर्मामीटर असू द्या. थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावू नका, भाजतं.

५. प्राण्याला सवय लावा

पहिले दोन आठवडे हात लावू नका, खाऊ द्या. मग रोज पाच-दहा मिनिटं हाताळा. मग घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. मग वाहक डब्यात ठेवून गाडीतून फिरवून आणा, आणि परत आल्यावर खातो का बघा. हीच खरी परीक्षा. प्रवासानंतर वेळेवर खाणारा साप कार्यक्रमाला तयार आहे, उपाशी राहणारा नाही.

खाल्ल्यानंतर ४८ तास सापाला हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, त्या काळात त्याला नीट दिसत नाही आणि तो लवकर बिथरतो. तेव्हाही सुट्टी. त्यामुळे खाण्याचं वेळापत्रक कार्यक्रमाच्या वेळापत्रकाला बांधून घ्या.

६. दायित्व विमा

लोक चावण्याला घाबरतात. कॉर्न स्नेकचा चावा म्हणजे काही बारीक ओरखडे. साबणाने धुवायचे आणि लक्ष ठेवायचं. खरा धोका साल्मोनेलाचा. सरपटणारे प्राणी वरून ठणठणीत दिसतात आणि त्यांच्या आतड्यात हा जिवाणू असतो. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना तो गंभीर आजारी पाडू शकतो. आणि लक्षणं कार्यक्रमाच्या वेळी दिसत नाहीत, साधारण सहा तास ते सहा दिवसांनी दिसतात. या एका गोष्टीमुळे पॉलिसी निवडायची पद्धत बदलते.

*घरचा विमा चालेल हा गैरसमज काढून टाका.* घराच्या पॉलिसीत बहुतेक वेळा व्यवसाय वगळलेला असतो आणि परदेशी प्राणीही. साधी व्यावसायिक दायित्व पॉलिसी घेतली तरी तिच्यात "प्राण्यांमुळे झालेली इजा" वगळलेली असू शकते. म्हणजे हप्ता भरताय, प्रमाणपत्र हातात आहे, आणि ज्या कारणासाठी विमा घेतला तेच त्यात नाही.

म्हणून ब्रोकरशी बोलताना "यात सगळं येतं ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. असं विचारा: "प्राण्यांमुळे होणारी इजा कव्हर आहे असं पॉलिसीत कुठल्या पानावर, कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा." पुढे हे प्रश्न एकेक करून विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागा.

- माझ्या सगळ्या प्रजातींची नावं पॉलिसीला जोडलेल्या यादीत आहेत का? नवा प्राणी आला तर किती दिवसांत कळवायचं?
- संसर्गजन्य आजार किंवा जिवाणूंमुळे होणारा आजार वगळलाय का? कोविडनंतर हे कलम पुष्कळ पॉलिसींत आलंय. ते असेल तर साल्मोनेलाचा दावा फेटाळला जाईल, म्हणजे तुमचा मुख्य धोकाच उघडा.
- प्राणी चावल्यास वेगळी, कमी मर्यादा आहे का? एकूण विमा रक्कम मोठी आणि चाव्यासाठी तिचा छोटा तुकडा, असं असतं.
- मुलं प्राण्याला हात लावतात तेव्हा ती "सहभागी" ठरतात का? काही पॉलिसी सहभागी व्यक्तींना झालेली इजा वगळतात.
- माझ्या जागेबाहेर, दुसऱ्याच्या शाळेत किंवा सभागृहात झालेली घटना धरली जाते का?
- मदतनीस आणि स्वयंसेवक यांच्यामुळे घडलेलं धरलं जातं का? आणि त्यांनाच इजा झाली तर? दुसऱ्यासाठी बहुधा वेगळी पॉलिसी लागते.
- वकिलाचा खर्च विमा रकमेच्या आत की वेगळा?

मग सगळ्यात महत्त्वाचा फरक. काही पॉलिसी घटना कधी घडली ते बघतात, काही दावा कधी आला ते बघतात. पहिल्या प्रकारात पॉलिसी चालू असताना कार्यक्रम झाला असेल तर दावा नंतर आला तरी संरक्षण राहतं. दुसऱ्या प्रकारात दावा येईपर्यंत पॉलिसी चालू असावी लागते. बंद केली असेल तर वाढीव मुदत विकत घ्यावी लागते. आपल्या कामात आजार उशिरा दिसतो आणि लहान मुलांच्या वतीने दावे बऱ्याच ठिकाणी वर्षांनंतरही करता येतात. म्हणून जमेल तिथे पहिलाच प्रकार घ्या, हप्ता थोडा जास्त असला तरी.

विमा रक्कम किती? शाळा आणि नगरपालिकेची सभागृहं यांच्या करारात किमान रक्कम लिहिलेली असते. ज्या चार-पाच ठिकाणी जायचंय त्यांची अट आधी विचारा आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापासून सुरुवात करा. एका घटनेची मर्यादा आणि वर्षभराची एकूण मर्यादा हे दोन आकडे वेगळे असतात, दोन्ही बघा.

शाळा बहुधा आणखी दोन गोष्टी मागते. एक, विम्याचं प्रमाणपत्र. दोन, पॉलिसीत शाळेचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून. नुसतं प्रमाणपत्र हा पुरावा आहे, त्याने शाळेला संरक्षण मिळत नाही. नाव जोडलं तर मिळतं. यासाठी काही दिवस लागू शकतात, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ब्रोकरला फोन करायची वेळ आणू नका. मुलांसोबत काम असल्याने बाल-अत्याचाराच्या आरोपांचं कव्हरही काही संस्था मागतात. मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका, नियम सगळ्यांना सारखा आहे.

गाडीचा विमाही बघा. प्राणी घेऊन पैसे मिळवायला जाताना अपघात झाला तर तो व्यावसायिक वापर ठरू शकतो.

अर्ज भरताना प्राण्यांची संख्या, पूर्वीचे चावे, मोठे साप, काहीही लपवू नका. खोटी किंवा अपुरी माहिती दिली म्हणून दावा नाकारला जातो, आणि मग वर्षानुवर्षं भरलेला हप्ता पाण्यात.

पालकांच्या संमतीपत्राबद्दल इतकंच: ते जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. तुमच्या निष्काळजीपणाची जबाबदारी सहीने पुसली जात नाही, आणि अनेक ठिकाणी पालक मुलाचा दावा सोडूनही देऊ शकत नाहीत. संमतीपत्राचा खरा उपयोग माहिती मिळवण्यासाठी आहे: ऍलर्जी, कमी प्रतिकारशक्ती, घरात तान्हं बाळ, जास्त भीती.

७. हे कागद एका फाइलमध्ये

मूळ प्रती घरी, छायाप्रती कार्यक्रमाच्या पिशवीत.

- परवाने आणि नोंदणी, मुदत संपायची तारीख वर लिहून
- प्रत्येक प्राण्याची खरेदी पावती आणि पैदाशीचा पुरावा
- पशुवैद्याचे अहवाल
- पॉलिसीची पूर्ण प्रत, फक्त पहिलं पान नव्हे
- त्या त्या संस्थेसाठीचं विमा प्रमाणपत्र
- धोका-मूल्यांकनाचा कागद: काय होऊ शकतं, त्यासाठी तुम्ही काय करता
- संस्थेशी करार: वेळ, मुलांची संख्या, हात धुवायची सोय कुणी करायची, रद्द झालं तर काय
- संमतीपत्रं आणि घटना नोंदवायचे कोरे फॉर्म

धोका-मूल्यांकन दोन पानांत बसतं. शाळा बघून हरखते आणि विमा कंपनीशी बोलतानाही तेच पान कामाला येतं.

८. नेणं-आणणं

प्रत्येक प्राणी वेगळ्या डब्यात, साप आधी कापडी पिशवीत गाठ मारून मग डब्यात. डब्याला कुलूप किंवा पक्का कडी-कोयंडा, वर प्रजातीचं नाव, "बिनविषारी" आणि तुमचा फोन नंबर. बाहेर थर्मल पेटी, आत थर्मामीटर. थंडीत उष्णतेची पिशवी वापराल तर ती प्राण्याला टेकू देऊ नका. बंद गाडीत प्राणी कधीही सोडून जाऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. उन्हात गाडी किती झपाट्याने तापते हे बाहेरून कळत नाही.

९. प्रत्यक्ष कार्यक्रम

खोलीत शिरल्यावर आधी दारं, खिडक्या, पंखे बघा. मुलं जमिनीवर, अर्धवर्तुळात, मध्ये मोकळी जागा. एका वेळी एकच प्राणी बाहेर. बाकीचे डबे बंद आणि मदतनिसाच्या नजरेखाली. खाणं-पिणं त्या खोलीत बंद.

स्पर्श करताना साप तुमच्याच हातात राहतो, मुलाच्या नाही. डोकं तुमच्या बाजूला, तुमच्या अंगाकडे वळवलेलं. शरीराला दोन ठिकाणी आधार. मुलाने दोन बोटांनी, डोक्याकडून शेपटीकडे, पाठीच्या मधल्या भागावर हात फिरवायचा. त्या क्षणी त्याचा चेहरा बघा: ओलसर, बुळबुळीत लागेल अशी तयारी करून आलेलं मूल कोरडी, गुळगुळीत, गार कातडी लागली की थबकतं आणि मग पुन्हा हात पुढे करतं. दुसऱ्यांदा पुढे आलेल्या त्या हातासाठी हा सगळा खटाटोप. पण जो हात पुढे येत नाही त्याला ओढू नका, चिडवू देऊ नका, "काही होत नाही" असंही म्हणू नका. लांबून बघणंही पुरेसं आहे असं सांगा.

तुमच्या हाताला सापाचे स्नायू कळत असतात. सैल सरकणारं अंग अचानक ताठरलं, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे गेली, फुत्कार आला, शेपटी थरथरली, की तो प्राणी लगेच डब्यात. कारण सांगून ठेवा: "आता तो दमलाय." मुलांना हे समजतं आणि प्राण्याचा "नाही" ऐकायचा असतो हेही त्यातून कळतं. एका प्राण्याला सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, आणि आठवड्यात एक-दोन कार्यक्रमांपलीकडे नेऊ नका.

शेवटी हात धुणं, साबण आणि वाहत्या पाण्याने, २० सेकंद, प्रत्येकाने. सॅनिटायझर फक्त नळापर्यंत पोचेपर्यंत. नळ कमी असतील तर स्पर्शाचा भाग करू नका, हे संस्थेला करारातच सांगून ठेवा. मोठी माणसं हात धुण्यात टाळाटाळ करतात, त्यांनाही उभं करा. फरशी आणि टेबलं पुसून घ्या.

१०. काही घडलंच तर

साप चावला तर ओढू नका. दात मागे वळलेले असतात, ओढल्याने जखम वाढते आणि सापाचे दात तुटतात. शांत राहा, तो सोडेपर्यंत शरीराला आधार द्या. सोडत नसेल तर तोंडावर गार पाणी सोडा. वेटोळं घातलं असेल तर शेपटीकडून सोडवा. मग जखम साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

प्राणी निसटला तर दार बंद, मुलं बाहेर, आणि बाहेर काढण्याची जबाबदारी शिक्षकांची, शोधण्याची तुमची. हे आधी ठरलेलं असू द्या.

मग लगेच, त्याच जागी, फॉर्म भरा: वेळ, प्राणी, कोण हजर होतं, काय केलं, फोटो. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, प्रकरण किरकोळ वाटलं तरी. उशिरा कळवलं हे दावा नाकारायचं नेहमीचं कारण आहे. पालकांची चौकशी करा, मनापासून करा, मदत करा. मात्र "चूक माझीच" असं लिहून देणं किंवा पैसे देण्याचं वचन देणं विमा कंपनीशी बोलल्याशिवाय करू नका, कारण पॉलिसीत बहुधा तशी अट असते.

११. प्राण्यांची नोंदवही

प्रत्येक प्राण्याचं एक पान: वजन, खाणं, कात, विष्ठा, कुठला कार्यक्रम, किती वेळ, कसा वागला. वजन महिन्यातून एकदा तरी घ्या. सलग दोन कार्यक्रमांनंतर एखादा प्राणी खाईनासा झाला, किंवा पूर्वी निवांत असलेला आता डब्याचं झाकण उघडताच फुत्कारायला लागला, तर त्याला किमान महिनाभर घरीच ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. तपासणीत काही निघालं नाही आणि तरी वागणं तसंच राहिलं, तर त्याला कार्यक्रमातून कायमचा काढा, विम्याच्या यादीतून नाव कमी करा, आणि त्याची टाकी, दिवे, खाणं पूर्वीसारखंच चालू ठेवा. त्याच्या जागी दुसरा आणायचा झाला तर पुन्हा टप्पा दोनपासून.